मशीन होतं, मेजरांना ऐकू येत नव्हतं: दिघीतल्या एका निवृत्त तोफखाना जवानाचं प्रकरण

माजी सैनिकांच्या कानांबद्दल बोलणं निघालं की चर्चा बहुतेक वेळा ऐकण्याच्या मशीनच्या किमतीपाशी येऊन थांबते. किती रुपयांपर्यंत मंजुरी मिळते, नवं मशीन किती वर्षांनी मिळतं, कोणती कंपनी चांगली. हे प्रकरण मी मुद्दाम लिहायला घेतलं, कारण इथे मशीनची अडचण नव्हतीच. दोन्ही कानांना डिजिटल मशीन मंजूर झालं होतं, हातात आलं होतं आणि दर्जाही चांगला होता. तरीही हा माणूस घरात आणि बाहेर बहिऱ्यासारखाच वावरत होता. त्याला काय कमी पडलं याचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी पोचले: मशीन कानाला जुळवून देणारा आणि नंतर विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. या गृहस्थांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. सोसायटीत सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणतात, इथेही तेच म्हणते.

परिस्थिती

मेजर मूळचे सातारा जिल्ह्यातले. वय साठीच्या आसपास. १९८४ साली तोफखान्यात भरती झाले, २००८ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला मोठा काळ १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेवर गेला आणि १९९९ साली ते द्रासला होते. निवृत्तीनंतर पुण्याजवळ दिघीत घर घेतलं. आळंदी रस्ता, विश्रांतवाडी, दिघी, लोहगाव या पट्ट्यात फौजेतून आलेली कुटुंबं इतकी आहेत की संध्याकाळी पारावर बसलेल्या चार जणांत दोघे तरी पेन्शनर निघतात.

निवृत्तीनंतर त्यांनी खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून काम धरलं आणि काही वर्षांनी सोडलं. घरी कारण सांगितलं गुडघ्यांचं. खरं कारण वॉकी-टॉकी होतं. गेटवरून गाडीचा नंबर कळवला की तो सहा आहे की दहा, सात आहे की साठ, हे त्यांना उमगत नसे. चुकीची गाडी आत सोडली गेली आणि मुलाच्या वयाच्या एका मॅनेजरने चारचौघांत आवाज चढवला. ज्या माणसाने आयुष्यभर हुकूम अचूक ऐकण्यावर काम केलं, त्याला हे सोसवलं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि कोणालाही खरं कारण सांगितलं नाही.

घरात बोलणं हळूहळू कमी झालं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, “हे रागीट झालेत असं आम्हाला वाटायचं. एक गोष्ट तीनदा सांगितली की मीच चिडायचे, मग तेही चिडायचे. शेवटी मी सांगायचंच सोडलं.” सूनबाईंच्या लक्षात आधी आलं. फोनवर नातीचं बोलणं कळलं नाही की बाबा नुसतं “बरं, बरं” म्हणतात आणि फोन काकूंच्या हातात देतात, हे त्यांनी टिपलं होतं. त्यांनीच आग्रह करून बाबांना ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये पाठवलं.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिची रचना पॉलिक्लिनिकभोवती आहे: आधी तिथल्या मेडिकल ऑफिसरला दाखवायचं, मग लागेल तसा रेफरल घेऊन लष्करी किंवा पॅनलवरच्या रुग्णालयात जायचं. मेजरही त्याच वाटेने गेले. हॉल भरलेला, पंख्यांची घरघर, खिडकीवरची मुलगी मास्कआडून नावं पुकारत होती. मेजर भिंतीकडच्या बाकावर बसले होते. त्यांचं नाव पुकारून झालं, नंबर निघून गेला आणि त्यांना पत्ता लागला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. कान दाखवायला आलेल्या माणसाचा नंबर कानांपायीच जावा, ही गोष्ट या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचली. त्या मुलीचा यात काही दोष नाही. समोरच्या शंभर माणसांपैकी किती जणांना ऐकू येत नाही, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पुढे सगळं रीतसर झालं. ईएनटी डॉक्टरांनी तपासलं, ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती जोरात ऐकू येतो याचा आलेख, निघाला, शिफारस झाली, मंजुरी आली. पुरवठादाराच्या माणसाने मशीन कानात बसवून दिलं, सेल कसा बदलायचा ते दाखवलं, सही घेतली. कागदावर प्रकरण तिथे पूर्ण झालं. वर्षभराने सूनबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या, तेव्हा दोन्ही मशीन डबीत होती आणि डबी कपाटात.

कानात काय झालं होतं

उजव्या कानात मळ होता. तो ईएनटी डॉक्टरांकडून काढून घेतल्यावर मी नव्याने तपासणी केली. पडदा आणि मधला कान दोन्ही बाजूंना ठीक होते, म्हणजे दोष आतल्या कानातला. उजव्या कानाचे आकडे असे आले: ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ७० आणि ८००० ला ६०. डाव्याचे २५, ३५, ५५, ८० आणि ७०. हर्ट्झ म्हणजे सुराची उंची; डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितका तो सूर ऐकायला जोर जास्त लागतो. ४००० पाशी खोल खड्डा आणि ८००० ला थोडी उचल, ही आवाजाच्या माऱ्याने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. वयाचा भाग त्यात मिसळला आहेच, पण एकट्या वयाने असा खड्डा पडत नाही.

हे आकडे सविस्तर दिले, कारण पुढची गफलत त्यांच्यातूनच होते. बोलण्यासाठी महत्त्वाच्या म्हणून ५००, १००० आणि २००० या तीन सुरांची सरासरी काढायची जुनी पद्धत आहे. त्या हिशेबाने मेजरांचा उजवा कान ३२ वर येतो आणि डावा ३८ वर. कोणीही म्हणेल, सौम्य दोष. ४००० चा आकडा मिळवला की तेच ४१ आणि ४९ होतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रेणीप्रमाणे दोष ‘मध्यम’ ठरतो. सरासरी काढताना नेमका तोच सूर वगळला जातो, जिथे तोफेने घाव घातला आहे. स, श, च, त, थ, ख ही व्यंजनं ओळखायची ती उंच सुरांवरून. मेजरांना आवाज ऐकू येतो, म्हणून ते ‘बहिरे’ दिसत नाहीत. शब्द मात्र अर्धा पोचतो. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांतला फरक पहिल्या व्यंजनाचा आहे, आणि तेच त्यांच्या कानात उतरत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ‘ऐकण्यास कमी’ ठरायला दोन्ही कानांत ६० डेसिबलचा दोष लागतो. त्या उंबरठ्याच्या मेजर आसपासही नाहीत. म्हणजे दिव्यांगत्वाच्या दाखल्यातून मिळणारी कोणतीही मदत त्यांच्यासाठी नाही, जी आहे ती माजी सैनिक म्हणूनच.

इजा झाली कशी, हे सांगायला हवं. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी उंच सूर पकडतात आणि मोठ्या आवाजाचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्फोटासारख्या क्षणिक आवाजासाठी उघड्या कानाची सुरक्षित मर्यादा साधारण १४० डेसिबल धरतात. रायफलची एक गोळीसुद्धा चालवणाऱ्याच्या कानापाशी १५० च्या वर जाते, तोफ त्याच्याही पुढे. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते, म्हणून हा दहाचा फरक किरकोळ नसतो. डावा कान जास्त खराब का, याचंही कारण सांगता येतं. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. कानात काही घालत होतात का, असं विचारल्यावर मेजर म्हणाले, “कापूस असायचा. पण कान बुजवले तर हुकूम कसा ऐकणार, मॅडम?” कापसाने अशा आवाजाला जवळजवळ काहीच आडकाठी होत नाही. बोलणं आत सोडणारी आणि धमाका अडवणारी कर्णरक्षकं आज मिळतात, पण ते सांगून या कानांना आता उपयोग नाही.

निवृत्तीच्या वैद्यकीय कागदावर त्यांच्या कानांची वर्गवारी एच-१ आहे, म्हणजे उत्तम. तपासणी साध्या आवाजाने झालेली: ६ मीटरवरून बोललेलं आणि कुजबुजलेलं ऐकू येतं का. शांत खोलीत, लक्ष देऊन उभा असलेला जवान, ओळखीचे शब्द. ४००० ला खड्डा असलेला माणूसही या परीक्षेत पास होऊ शकतो, कारण सुरांगणिक वेगळा हिशेब ती देतच नाही. त्यामुळे २००८ साली त्यांचे कान कसे होते याची नोंद आज कुठेच नाही. पेन्शनच्या दृष्टीने या नोंदीला किती मोल असतं, ते या वाटेने गेलेल्यांना माहीत आहे.

आणखी एक तक्रार त्यांनी स्वतःहून सांगितली नव्हती. झोप कशी लागते, असं विचारल्यावर म्हणाले, रात्री रातकिडे ओरडतात. दिघीतल्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद करूनही. हा कर्णनाद बरीच वर्षं होता. तो कानांशी संबंधित आहे हे कोणी सांगितलं नव्हतं आणि लोक काय म्हणतील म्हणून त्यांनीही विषय काढला नव्हता.

मशीन का वापरलं गेलं नाही

“घातलं की मी पिंपात बोलतोय असं वाटायचं,” मेजर म्हणाले. कारण सरळ होतं. त्यांचे खालचे सूर चांगले आहेत. अशा कानात घट्ट बसणारा रबरी डोम, म्हणजे नळीत जाणारं मशीनचं टोक, घातला की स्वतःचा आवाज आत कोंडतो आणि घुमतो. त्यांना हवा होता मोकळा डोम. मग मी कानाच्या नळीत बारीक मायक्रोफोन घालून, मशीन प्रत्यक्षात पडद्यापाशी किती आवाज पोचवतं ते मोजलं. ३००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात ते अपेक्षेपेक्षा १५ ते २० डेसिबल कमी पडत होतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुरुवातीला सुचवलेली सेटिंग कोणी बदललीच नव्हती. म्हणजे नको तिथे घुमत होतं आणि हवं तिथे पोचत नव्हतं. वर उजवं मशीन पूर्ण बंद. उघडून पाहिलं तर मळ अडवणारी बारीक जाळी बुजलेली. ती बदलायला मिनिट लागलं.

मोठे आवाज त्यांना सोसत नसत, हेही तसंच. केसपेशी गेलेल्या कानात हलका आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. पहिल्याच गणेशोत्सवात ते मशीन घालून खाली उतरले, ढोल-ताशा पथक दारातून गेलं आणि त्यांनी दोन्ही मशीन काढून खिशात टाकली. त्यानंतर ती कानात फारशी आलीच नाहीत. मशीनमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणता येते, ते काही मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी ढोल-ताशाची ही गोष्ट कोणीतरी विचारायला हवी होती.

विचारणार कोण? पुरवठादाराचं काम मशीन देऊन संपलं. ईएनटी डॉक्टरांचं काम निदान आणि शिफारस. पॉलिक्लिनिकने पुन्हा रेफरलपासून सुरुवात करायला सांगितलं: पहाटेचा नंबर, तोच हॉल, तेच नाव पुकारणं. ‘मशीन घुमतं’ एवढ्या तक्रारीसाठी मेजर पुन्हा त्या रांगेत उभे राहिले नाहीत. त्यांना आळशी किंवा हट्टी म्हणायला मी तयार नाही. साखळीतल्या प्रत्येकाने आपलं काम केलं होतं. ज्याचं काम मशीन बसवल्यानंतर सुरू होतं, ती कडीच साखळीत नव्हती.

काय केलं

डोम बदलले. सेटिंग कानात मोजून केली, कोणत्या सुराला किती जोर द्यायचा ते सांगणाऱ्या एनएएल-एनएल २ या सूत्राने. हे सूत्र ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेचं. ती संस्था १९४७ साली सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि रुबेलामुळे बहिऱ्या झालेल्या मुलांच्या कानांसाठी. आमची विद्याशाखाही मोठ्या प्रमाणात सैनिकांमुळे उभी राहिली. त्याच युद्धात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी ऐकू न येणाऱ्या जवानांसाठी काम केलं. तिथे मशीन निवडून देण्यावर काम थांबत नसे, ऐकण्याचा सराव आणि ओठ वाचण्याचं शिक्षणही मिळत असे. ऐंशी वर्षांपूर्वी जे उमगलं होतं, ते मेजरांच्या बाबतीत कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

सूत्र सांगतं तेवढा जोर पहिल्या दिवशी दिला नाही. वर्षानुवर्षं न ऐकलेले उंच सूर एकदम पोचले की भांड्यांचा आवाजही नकोसा होतो. कमी जोराने सुरुवात केली, पुढच्या भेटींत तो टप्प्याटप्प्याने वाढवला. पहिला आठवडा फक्त घरात, काकूंशी समोरासमोर. मग गच्ची, मग भाजीवाला, मग फोन. रस्त्यावरची रहदारी सगळ्यात शेवटी.

निम्मं काम घरच्यांचं होतं. काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारायची सवय. पाठमोरं बोललेलं मेजरांना मशीन घालूनही नीट कळणार नाही, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते.” नातीला शिकवलं की आधी आजोबांना हात लावायचा, त्यांनी बघितलं की बोलायचं. तिने ते सगळ्यांपेक्षा लवकर उचललं.

रातकिड्यांबद्दल पहिल्यांदा एवढंच सांगितलं की ते खरे आहेत, डोक्याचा बिघाड नाही, आणि अनेक जवानांना हाच त्रास होतो. रात्री खोलीत पंख्याचा किंवा रेडिओचा हलका आवाज ठेवायला सुचवलं. दिवसभर मशीन घातल्याने बाहेरचे आवाज आत येऊ लागले तसा त्रास उतरला. गेला नाही.

पावसाळ्यात पुण्याची हवा मशीनला सोसत नाही. घाम आणि दमट हवा यांनी आतला स्पीकर बिघडतो. ओल शोषणाऱ्या गोळ्यांची बंद डबी, रोज कोरड्या ब्रशने सफाई, तपकिरी स्टिकरचे ३१२ नंबरचे सेल आणि स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग झाकण लावणं. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मेजरांनी तो फ्रिजवर लावला आणि ड्यूटीचा तक्ता पाळावा तसा पाळला.

निकाल असा. शांत खोलीत, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात, जुन्या सेटिंगवर त्यांना मराठी शब्दांपैकी ६० टक्के ओळखता येत होते, नव्या सेटिंगवर ८८ टक्के. मशीनमधली नोंद सांगते की ते आता दिवसाला सरासरी ७ तास वापरतात. माजी सैनिकांच्या बैठकांना पुन्हा जातात. लग्नाच्या हॉलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये अजूनही फारसं कळत नाही, आणि आजच्या मशीनकडून मी त्यांना त्याचं आश्वासन दिलेलं नाही. सिक्युरिटीच्या कामावर परत जायला ते तयार नाहीत.

माणसं कुठून आणायची

मेजरांना यातलं काहीही दुर्मीळ लागलं नाही. ना शस्त्रक्रिया, ना महागडं मशीन. लागला तो प्रशिक्षित माणसाचा वेळ. तो किती, ते सरळ मांडते. सविस्तर तपासणीला १ तास, मशीन बसवून मोजायला १ तास, पहिल्या वर्षात अर्ध्या तासाच्या ३ भेटी. एकूण साडेतीन तास. एक ऑडिओलॉजिस्ट आठवड्याला ३० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत बसली, तर तिला आठवड्याला आठ-नऊ नवी माणसं हाताळता येतील. हा माझ्या कामावरून काढलेला अंदाज आहे, पण नियोजनाला पुरेसा आहे. पुण्यासारख्या शहरात, जिथे सदर्न कमांडचं मुख्यालय आहे, खडकी आणि वानवडीला लष्करी रुग्णालयं आहेत, सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनियर्सचं, केंद्र आहे आणि लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तिथे निवृत्तांची संख्या पाहता एका व्यक्तीने भागणार नाही. पण एकही नसणं आणि एक असणं यातला फरक मेजरांच्या कपाटाइतका आहे.

पॉलिक्लिनिकच्या मंजूर पदांत मेडिकल ऑफिसर आहेत, दंतवैद्य आहेत, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, नर्सिंग असिस्टंट आहेत. ऑडिओलॉजिस्ट नाही. गुडघा, दात, रक्तातली साखर या निवृत्तांच्या गरजा आहेत हे योजनेने ओळखलं. तोफखाना, चिलखती दल, इंजिनियर्स, विमानतळावरची तांत्रिक शाखा यांतून येणाऱ्या माणसांचा कान हा या व्यवसायाचाच आजार आहे, तो पदांच्या यादीत यायला हवा. प्रत्येक पॉलिक्लिनिकला पूर्णवेळ पद मिळेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. दोन-तीन पॉलिक्लिनिकांना मिळून एक, ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी, इतकं तरी व्हावं. ही पदं करारावर भरली जातात. खासगी दुकानात मशीन विकण्यावर कमिशन मिळतं, तेव्हा मानधन आणि कराराची मुदत ठरवताना हे लक्षात घेतलं नाही तर चांगली मुलं टिकणार नाहीत.

आता दुसरा थर. या क्षेत्राची पदवी, बीएएसएलपी, इंटर्नशिपसह ४ वर्षांची आहे आणि काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इतकं शिकलेल्या व्यक्तीने जाळी बदलत बसावं, हा अपव्यय आहे. श्रवण आणि वाचा सहायकांसाठी १ वर्षाचा डीएचएलएस हा डिप्लोमा आहे. केंद्राच्या बधिरता प्रतिबंध कार्यक्रमात जिल्हा पातळीवर ऑडिओमेट्रिक सहायकाची कल्पना आधीपासून आहे. तेच पॉलिक्लिनिकला लागू करावं. सफाई, सेल, डोम, साधी श्रवणचाचणी, घरच्यांशी बोलणं ही कामं सहायकाकडे, आणि मोजमाप, सेटिंग, कर्णनादाचं समुपदेशन ऑडिओलॉजिस्टकडे. माझ्या हिशेबातले साडेतीन तास मग अडीचवर येतात आणि आठवड्याची आठ-नऊ माणसं बारा होतात.

अमेरिकेत माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या व्याधींत कर्णनाद आणि श्रवणदोष सर्वांत वर असतात. तिथे डिसेंबर २०१६ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत परवानाधारक हिअरिंग एड स्पेशालिस्ट नेमायची मुभा दिली. ऑडिओलॉजिस्टांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले होते: कमी शिकलेल्या माणसाकडे निदान गेलं तर गाठ किंवा नसेचा आजार नजरेतून सुटेल. ही भीती मला रास्त वाटते. एकाच कानात अचानक बहिरेपण आलं, चक्कर आली किंवा दोन कानांत मोठा फरक दिसला, तर तो माणूस सहायकाकडे क्षणभरही अडकता कामा नये. पण त्यावर उपाय कामाच्या सीमा लिहून ठेवण्याचा आहे, पदच नाकारण्याचा नाही. त्याच सुमारास तिथल्या माजी सैनिकांना प्राथमिक डॉक्टरकडे न जाता थेट ऑडिओलॉजीची वेळ घ्यायची सोयही मिळाली. आपल्याकडे मला हीच सर्वांत आधी हवी आहे. निदान झालं, मशीन मिळालं, त्यानंतरच्या जुळवणीच्या भेटींसाठी नवा रेफरल मागू नये. एक शिफारस, तिच्यावर पहिल्या वर्षाच्या सगळ्या भेटी. याला नवी इमारत लागत नाही, नियमातली एक दुरुस्ती लागते.

पुण्याची जमेची बाजूही आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे, मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इंटर्नशिपची मुलं दर वर्षी तयार होतात. पर्यवेक्षणाखाली त्यांची पाळी पॉलिक्लिनिकमध्ये लागली, तर त्यांना असे कान बघायला मिळतील जे पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेले असतात. आणि खेड्यात राहणाऱ्यांसाठी, माण-खटावहून सेटिंग बदलायला कोणी पुण्याला येणार नाही. संरक्षण मंत्रालयाने मे २०२१ मध्ये ‘सेहत’ ही व्हिडिओ कॉलवरून सल्ला देणारी ओपीडी सुरू केली आहे. तिच्यात श्रवणसेवेचा ठरावीक वार असावा. आजची अनेक मशीन दुरून जुळवता येतात, फक्त त्या टोकाला मोबाइल धरणारा कोणी हवा.

नोकरी सोडतानाच्या तपासणीत प्रत्येकाचा ऑडिओग्राम निघावा, भरतीच्या वेळचा शेजारी लावून. याबद्दल जास्त लिहीत नाही, मुद्दा उघड आहे.

सध्याची स्थिती

मेजरांच्या अनुभवानंतर त्या पॉलिक्लिनिकमध्ये एक गोष्ट झाली. तिथले एक नर्सिंग असिस्टंट, स्वतः लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले, एका शनिवारी येऊन जाळी बदलणं, डोम धुणं, सेल तपासणं शिकून गेले. आता आठवड्यातून एकदा सकाळी ते मशीनवाल्यांसाठी वेगळं टेबल लावतात. आलेल्या बंद मशीनपैकी बरीच सफाईनेच चालू होतात, उरलेल्यांची नोंद ते वहीत ठेवतात: कोणाचं घुमतं, कोणाचं शिट्टी मारतं, कोणी घालायचंच सोडलं. ही वही म्हणजे माझ्या मते इथल्या गरजेचा पहिला लेखी पुरावा आहे. मात्र त्यांची बदली झाली किंवा करार संपला तर टेबल उठेल, कारण ते काम कोणाच्याही पदात लिहिलेलं नाही.

मेजरांनी निवृत्तीवेतनातल्या अपंगत्वाच्या भागासाठी चौकशी करायचं ठरवलं आहे. तो भाग मिळायला दोष किमान २० टक्के आणि सेवेशी निगडित ठरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात म्हटलं आहे की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि नंतर उद्भवलेला आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. अडचण आहे ती निवृत्तीच्या कागदावरच्या एच-१ ची आणि मध्ये गेलेल्या वर्षांची. मी त्यांना आताचा ऑडिओग्राम, ४००० च्या खड्ड्याचा अर्थ आणि दोन कानांतल्या फरकाचं कारण लिहून दिलं आहे. ते घेऊन ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहेत. दावा टिकेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, करून बघा असं सांगितलं आहे.

जुळवणीच्या भेटींना नव्या रेफरलची अट नसावी आणि दोन-तीन पॉलिक्लिनिकांत मिळून एक ऑडिओलॉजिस्ट असावा, असा अर्ज त्यांच्या माजी सैनिक संघटनेने तयार केला आहे. नावं न देता वहीतल्या नोंदी त्याला जोडल्या आहेत. सह्या गोळा करायचं काम मेजरांनी घेतलं आहे. त्यासाठी ते दिघी, विश्रांतवाडी आणि लोहगावात घरोघर जातात, आणि सही घेण्याआधी समोरच्याला विचारतात की मशीन आहे का, असेल तर दाखवा.